बॅटरी कोण उतरवतंय?

१

सूनबाई गॅरेजच्या पायरीवर सापडली तेव्हा तिचे डोळे लालबुंद झाले होते, नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि खोकला थांबत नव्हता. तिला काहीतरी सांगायचं होतं. पण घशातून शब्दाऐवजी नुसती शीळ निघत होती.

सासूबाईंनी आधी तिला अंगणात मोकळ्या हवेत ओढलं आणि मग हाका मारल्या. लेक अर्धी दाढी तशीच ठेवून धावला, मागून धाकटी मुलगी, आणि सगळ्यांत शेवटी यजमान. ते दारातच थांबले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज नाही.

त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. घशाच्या ऑपरेशनपासून यजमान बोलतच नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज परत येईल, पूर्वीसारखा नाही येणार, पण सराव केला तर येईल. यजमानांनी मात्र तोंडाला कुलूपच घातलं. जन्मभर बसस्थानकाच्या कर्ण्यावरून गाड्या पुकारलेला माणूस! त्यांचा आवाज कानावर पडला की बाकड्यावर पेंगणारे प्रवासी पिशव्या सावरून उभे राहायचे. आता ते चहा हवा असला की कपावर चमचा वाजवायचे. हे आपल्यावरच रुसलेत अशी सासूबाईंची समजूत होती, आणि म्हणून त्या घरात दोघांच्या वाटणीचं एकट्याच बोलत होत्या.

डॉक्टर येऊन गेले. विषारी हवा छातीत गेली आहे, धोका टळलाय, आठवडाभर बोलायचं नाही, असं सांगून गेले. तेवढ्या धावपळीत घरभर लाल चिखल झाला. पाण्याची नळी टाकायला गल्ली उकरून ठेवली होती. दारात पाऊल टाकलं की तळव्याला शेरभर माती.

"बघा, बघा जरा बाबांकडे!" सासूबाई लेकावर आणि मुलीवर कडाडल्या. "रोज सकाळी फिरायला जातात, पण वहाणेला एक डाग नाही. नाहीतर तुम्ही! म्हशी बऱ्या."

मग त्या पदर नाकाला लावून गॅरेजमध्ये गेल्या.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. आत बॅटरी, तिच्यावरची बुचं काढून ओळीनं फडक्यावर ठेवलेली. लाल चिमटा लाल खुणेवर, काळा चिमटा काळ्यावर. खिडकी सताड उघडी. भिंतीवरचं बटण बंद. आणि हवेत अजून तो वास रेंगाळत होता. पाण्याच्या टाकीत जंतू मारायची पूड टाकली की येतो, अगदी तसला.

"हात लावू नकोस आई," लेक मागून म्हणाला. "बस झालं आता. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. ही गाडी आजच जाणार."

"आणि तिची नोकरी?"

"जीव राहिला तर नोकरी! अगं, घरात बसून बॅटरी चार्ज करायला ही काय मिस्त्री आहे? काहीतरी उलटसुलट लावलं असणार."

सासूबाईंनी त्या बंद बटणाकडे पुन्हा एकदा बघितलं. दुसरीतून शाळा सुटलेली बाई, पण एवढं त्यांना कळत होतं. श्वास कोंडत असताना जी पोर पळायच्या आधी बटण बंद करते, ती उलटसुलट लावणारी नव्हे.

मग चुकलं कोण?

२

सूनबाई उशीला टेकून बसली होती. उशाशी यजमान, हातात पाण्याचा पेला. ती घोट घेईपर्यंत त्यांचा हात खाली येत नव्हता.

"तू बोलायचं नाहीस," सासूबाई म्हणाल्या. "मी विचारते, तू मान हलव. अगदीच राहवलं नाही तर कुजबूज."

सूनबाई हसली आणि त्यापायी पुन्हा खोकली.

"गाडीची किल्ली काढून ठेवली होतीस?"

मान हलली.

"चार्जर आधी भिंतीला लावलास की आधी बॅटरीला?"

"आधी बॅटरीला," ती कुजबुजली. "बटण बंद ठेवून. लाल चिमटा पहिला, मग काळा. मग बटण चालू. चष्मा, हातमोजे, सगळं घातलं होतं. चार्जरचा वेगही सगळ्यात कमी ठेवला होता. काढताना उलटं करायचं, आधी बटण बंद, मग चिमटे. नाहीतर ठिणगी पडते."

"आणि बुचं का काढलीस?"

"पाणी कमी झालं होतं आई. आतल्या पट्ट्या उघड्या पडलेल्या. फळीवरच्या बाटलीतलं शुद्ध पाणी घातलं, पट्ट्या बुडतील एवढंच. मग चार्जिंगला लावली. थोड्या वेळानं बघायला वाकले, आणि..." तिनं छातीवर हात ठेवला.

"त्या टाकीच्या पुडीसारखा वास?"

"आमच्या दवाखान्यात फरशी पुसायचं औषध असतं ना, तसा."

ती अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे घरोघर जाणारी परिचारिका होती. कुणाची जखम धुवायची, कुणाची नळी बदलायची. बसनं जायचं म्हटलं तर निम्म्या घरांपर्यंत बसच पोचत नव्हती. बॅटरी सारखी उतरत असल्यामुळे ती पुन्हापुन्हा उशिरा पोचली होती, आणि तिच्या वरच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर दुसरी बघू.

"गाडी गेली तर मी घरी बसले आई," ती म्हणाली. "पण त्यांचंही बरोबर असेल. बॅटरी उतरते ती माझ्याच हातून. दिवे राहत असतील चालू. माझंच ध्यान नसेल."

"तू दिवे चालू ठेवलेले बघितलेस कधी?"

"नाही."

"मग न केलेलं कशाला पदरात घेतेस? आम्ही मेलोय का घ्यायला?"

यजमानांनी पेला खाली ठेवला.

सूनबाईनं डोळे पुसले. मग म्हणाली, "एक सांगू? बॅटरी उतरलेली असते ना, त्या दिवशी सीट मागे गेलेली असते. माझे पायच पोचत नाहीत. आणि काचांवर आतून वाफ धरलेली असते."

सासूबाई ताडकन उठल्या. गाडी रात्रभर एकटी असेल तर काचेवर आतून वाफ कुणाच्या श्वासाची?

३

सासूबाईंनी आधी लेकाला धरलं. लेक नकाशे काढायच्या कचेरीत होता. घरातही सगळं पट्टीनं आखल्यासारखं व्हावं अशी त्याची अपेक्षा, आणि आईपुढे ती कधी पूर्ण झाली नाही.

"खरं सांग. बायकोनं गाडी चालवू नये म्हणून तूच बॅटरी उतरवतोस का?"

लेकाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "आई, दर सुट्टीला तिची चाकं कोण धुतं? हवा कोण बघतं? ती परत येईपर्यंत मी खिडकीत उभा असतो, ते तुला दिसत नाही?" त्यानं तोंड फिरवलं. "ती पायरीवर पडलेली दिसली ना, तेव्हा मला वाटलं, संपलं. ते पुन्हा बघायचं नाही मला."

सासूबाईंनी त्याच्या अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. "जा, उरलेली कर. वेंधळ्यासारखा दिसतोस."

मग धाकटी. तिचं हल्ली कुणाशी तरी फोनवर गुलुगुलु चालायचं, आणि ते घरात कुणाला माहीत नाही असं फक्त तिलाच वाटायचं.

"गाडीत बसून बोलतेस काय त्याच्याशी?"

"कोणाशी?" धाकटीचे कान लाल झाले. मग तिनं हत्यारं खाली ठेवली. "आई, गॅरेजात फोनला रेंजच येत नाही. मी गच्चीत बसते. कपडे वाळत घालायला एवढा वेळ लागतो का कधी कुणाला?"

"तरीच! मी म्हणत होते, पोरगी कामाला लागली."

तेवढ्यात बॅटरीवाला आला. तोंडात पेन्सिल, कपाळावर आठ्या. गेल्या खेपेला गाडी धक्का देऊन सुरू करून देणारा तोच. नवी बॅटरी विकण्यात त्याचा फायदा, म्हणून सासूबाईंनी त्यालाही सोडला नाही.

"काय रे, तूच खराब माल गळ्यात मारलास ना आमच्या?"

"काकू, बॅटरी चांगलीच होती! रोज कोणी पिळून काढली तर ती काय करणार?" तो म्हणाला. "मागच्या वेळी धक्क्यानं गाडी सुरू झाली तर आतला पंखा एकदम घोंघावला. पूर्ण वेगावर. इंजिन बंद ठेवून कोणी पंखा लावून, गाणीबिणी ऐकत बसलं की बॅटरी उतरणारच."

"या गारठ्यात पंखा?"

"तेच मी म्हणतो. काचा उघडायच्या सोडून पंखा!"

त्यानं हातमोजे चढवले, चिमटे काढले, गॅरेजचं मोठं दार उघडलं आणि लांबूनच बॅटरीत डोकावला. "चार्ज होताना हिच्यातून वायू निघतो, त्याला वास नसतो, पण ठिणगीनं भडकतो, म्हणून खिडकी उघडी लागते. प्रमाणाबाहेर चार्ज झाली तर सडक्या अंड्याचा वास येतो. वहिनींची तर दोन्हीतली एकही चूक नाही." त्यानं बुचं निरखली, मग फळीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण हा वास भलताच आहे. वहिनींनी हिच्यात घातलंय ते शुद्ध पाणी नाही."

४

फळीवर रंगाच्या डब्याशेजारी एक बाटली होती. सासूबाईंनी डबा सरकवला, तर मागे दुसरी. अगदी जुळी भावंडं. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही स्वच्छ, दोन्हींत पाण्यासारखं पाणी, आणि एकीवरही लेबल नाही.

लेबल कुठून असणार? घरात आलेली प्रत्येक बाटली सासूबाई कढत पाण्यात बुडवायच्या, कागद सोलून काढायच्या आणि लखलखीत करून ठेवून द्यायच्या. चिकट कागदाची त्यांना शिसारी होती. आणि खरं म्हणजे त्यावरचं वाचायची त्यांना गरजही नव्हती. स्वयंपाकघरातली प्रत्येक बाटली त्या आकारावरून, वासावरून आणि जागेवरून ओळखायच्या. गॅरेजची फळी मात्र त्यांच्या हाताखाली नव्हती.

लेक म्हणाला, "चाखून बघू का?"

"चाख हो! एक अंथरुणात आहे, तू शेजारी पसर."

त्यांनी दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरात नेल्या. दोन पळ्या घासूनपुसून घेतल्या. एकीत एका बाटलीतलं पाणी, दुसरीत दुसऱ्या बाटलीतलं, आणि दोन्ही पळ्या मंद आचेवर धरल्या. लेक आणि धाकटी दारात उभी.

पहिल्या पळीतलं पाणी उकळलं, आटलं आणि गेलं. पळी कोरडी ठणठणीत. दुसऱ्या पळीतून आटताना चट्‌चट्‌ आवाज यायला लागला, एक थेंब उडून जाळावर पडला, आणि निळा जाळ क्षणभर पिवळा झाला. पळीच्या बुडाशी पांढरा थर उरला होता.

"मीठ," सासूबाई म्हणाल्या. उतू गेलेल्या पाण्यानं जाळ पिवळा होताना त्यांनी जन्मभर पाहिला होता. "आणि मी मेली त्या वाण्याला शिव्या घालत होते, की बरणी एवढ्यात रिकामी कशी होते!"

धाकटीनं तोंडावर हात ठेवला. "आई! मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन निघतो. शाळेत केला होता आम्ही. तोच तो वास. टाकीच्या पुडीचा."

म्हणजे सूनबाईचं सगळं बरोबर होतं. फक्त ज्या बाटलीवर तिनं विश्वास टाकला ती बाटली खोटी निघाली. पण गॅरेजात मिठाचं पाणी कोण ठेवतं? कशाला?

सासूबाई पाटावर बसल्या आणि एकेक दुवा मनाशी जोडू लागल्या. कोणीतरी सकाळी गाडीत बसतं. उंच माणूस, म्हणून सीट मागे. काचा लावून बसतं, म्हणून वाफ, म्हणून पंखा. गार हवेतही काचा उघडत नाही, कारण आवाज बाहेर जायला नको. आणि मिठाचं पाणी लोक कशाला करतात? गुळण्या करायला. घशासाठी.

त्यांची नजर दाराशी गेली. तिथं घरातल्या सगळ्यांच्या वहाणा होत्या, सगळ्या लाल चिखलानं माखलेल्या.

एक जोडी सोडून.

सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली.

५

संध्याकाळ झाली. यजमान अजून सुनेच्या उशाशीच होते. ती झोपली होती. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. भांडायला आल्या होत्या, पण त्या माणसाची वाकलेली मान बघून भांडण विसरल्या.

"अहो," त्या हळू म्हणाल्या, "पोरीनं बॅटरीत मिठाचं पाणी घातलं. शुद्ध पाणी समजून. शेजारीशेजारी ठेवलं होतं कोणीतरी. त्यातून तो वायू निघाला."

यजमानांनी वर बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं, ते चेहऱ्यावरच दिसलं. आपण बॅटरी उतरवली एवढंच त्यांना ठाऊक होतं. बाटलीचं आत्ता समजलं. त्यांचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"कोण ते मी कुणाला सांगितलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि सांगणारही नाही. बाटल्यांचे कागद सोललेत ते मीच. त्यात मीही आले."

सासूबाई खाली आल्या तेव्हा गिऱ्हाईक आलं होतं. गोल पोटाचा गृहस्थ गाडीभोवती फिरून टायरला लाथा मारत होता.

"बॅटरी मेलेली आहे म्हणता? मग भाव उतरवावा लागेल."

"चालेल," लेक म्हणाला.

"नाही चालणार," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस. तिच्या हातून आज झालं, उद्या पुन्हा होईल."

"तिच्या हातून काही झालंच नाही!" सासूबाईंनी पदर खोचला. "तिनं खिडकी उघडली, लाल ते लालला लावलं, मरता मरता बटण बंद केलं. बॅटरी उतरवणारं माणूस वेगळं, आणि त्याच माणसाची ती मिठाची बाटली. गाडीत बसायला त्याला दुसरी जागा नव्हती, कारण या घरात त्याला कोणी आवाज काढू देईल अशी शांतताच नाही. माझंच तोंड सारखं चालू."

"कोण माणूस?"

उभ्या जन्मात पहिल्यांदा सासूबाईंना उत्तर ठाऊक होतं आणि त्या गप्प होत्या.

"कोड्यात बोलू नकोस आई. नाव सांग, नाहीतर मी किल्ली देतोय."

लेकानं किल्ली पुढे केली. गिऱ्हाइकानं हात पुढे केला.

"मी."

जिन्यावरून आवाज आला. गंजलेलं फाटक ढकलावं तसा, अर्धा श्वास, अर्धी खरखर. कोण बोललं ते आधी कुणालाच कळलं नाही.

यजमान कठडा धरून उभे होते. मागे भिंतीला टेकून सूनबाई.

"मी बसायचो. गाडीत." एकेक शब्द ते ओझं उचलावं तसा उचलत होते. "ऑपरेशन झालं तिथल्या बाईंनी... सरावाची टेप दिली होती. गाडीत लावायचो. गुळण्या. मग बोलायचं." त्यांनी श्वास घेतला. "असला आवाज... घरात कसा काढणार? पोरीची चूक नाही. गाडी विकू नकोस."

लेकाचा हात किल्लीसकट खाली आला.

"बाबा," सूनबाई शीळ घातल्यासारखी कुजबुजली, "मला सांगायचं ना. मी रोज करून घेतला असता सराव."

"तू आता... बोलू नकोस," यजमान म्हणाले. "एका घरात... एकच बेडूक पुरे."

धाकटी आधी हसली, मग रडली. लेक जिन्याकडे गेला आणि त्यानं वडिलांचा दंड धरला. गिऱ्हाईक कुणाकडे बघावं ते न कळून पुन्हा एकदा टायरकडे बघू लागलं.

"बघताय काय?" सासूबाई त्याच्यावर वळल्या. "गाडी विकायची नाही. चहा पिऊन जा. चपला बाहेर काढा, चिखल आहे."

नवी बॅटरी आली. सूनबाईच्या सांगण्यावरून जुनी बॅटरीवाल्याच्या ताब्यात गेली, घरात ठेवायची नाही म्हणून. वरच्या बाईंना लेकानं स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मिठाची बाटली आता स्वयंपाकघरात असते. तिच्या गळ्यात सासूबाईंनी लाल दोरा बांधलाय, आणि शुद्ध पाण्याच्या बाटलीवरचा कागद आयुष्यात पहिल्यांदा सोललेला नाही. तो बघून त्यांच्या अंगावर काटा येतो, पण त्या हात आवरतात.

यजमान सकाळी खरोखरच फिरायला जायला लागले. पहिल्याच दिवशी ते गुडघाभर चिखल घेऊन आले, फाटकापाशी थांबले, घसा खाकरला, आणि ऑपरेशनच्या आधी रोज जशी मारायचे तशी, पण फाटक्या कर्ण्यातून यावी तशी हाक मारली,

"अगं ए! ऐकलंस का?"

आत सासूबाईंच्या हातातलं काम थांबलं. डोळे पदराला पुसून होईपर्यंत त्यांनी ओ दिली नाही. मग खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"ऐकलं! गल्लीनंही ऐकलं. ते पाय धुऊन आत या आधी."